हाडांना नाव नसतं

१८५७ चा उठाव मी शाळेत तीसेक वर्षं शिकवला. मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी, आणि शेवटी 'उठावाच्या अपयशाची कारणे'. ही कारणं मुलं धडाधड तोंडपाठ म्हणायची. त्या धड्यात अजनाळा हे नाव कधी आलं नाही. निवृत्तीनंतर, कुठल्याही परीक्षेसाठी नव्हे तर नुसतंच वाचायचं म्हणून वाचताना ते भेटलं आणि मग काही महिने मनातून गेलंच नाही. आज त्याबद्दल लिहिते आहे. विषय जरा कातर करणारा आहे, पण भीतीदायक नाही.

अजनाळा हे पंजाबात अमृतसरजवळचं गाव. ३० जुलै १८५७ रोजी लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २६ व्या पलटणीचे शिपाई पळाले. त्यांची हत्यारं आधीच काढून घेतलेली होती. पुढच्या दोन दिवसांत रावीच्या काठावर त्यातले बरेच मारले गेले, काही बुडाले. हाती लागलेल्या २८२ जणांना अजनाळ्यात आणून कोंडलं. १ ऑगस्टला, ऐन बकरी ईदच्या दिवशी, दहा-दहाच्या तुकड्या करून २३७ जणांना गोळ्या घातल्या. उरलेले ४५ बाहेर येईनात म्हणून दार उघडलं, तर ते कोंडलेल्या जागेतच गुदमरून गेले होते. सगळ्यांना जवळच्या एका कोरड्या विहिरीत टाकून वर माती लोटली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याच्यामुळे. ज्याने हुकूम दिला त्यानेच पुढच्या वर्षी पुस्तक लिहून हे सांगितलं, आणि सांगताना त्याला जराही संकोच वाटला नाही. कानपूरच्या विहिरीला हे आमचं उत्तर, असा एकूण सूर.

ही विहीर २०१४ च्या फेब्रुवारीअखेर उघडली गेली. गावच्या लोकांनी, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने, हाताने खणून. त्यात हाडं निघाली, कवट्या, जबडे आणि हजारो दात. कंपनी सरकारची नाणीही होती. खणणारे भक्तिभावाने खणत होते, पण ते तज्ज्ञ नव्हते. त्यामुळे कुणाचा हात कुणाच्या पायात मिसळला आणि जीर्ण हाडं मोडली. मग वाद सुरू झाला. काही म्हणाले, हे १८५७ चे शिपाई कशावरून? फाळणीच्या वेळी याच भागात काय कमी माणसं मारली गेली? त्यांचीच ही हाडं असतील.

आता हा वाद कागदपत्रांनी सुटणारा नव्हता. हाडांनाच विचारायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, हाडं काय सांगणार? मीही बी.ए. मराठीवाली बाई. शास्त्राचं आणि माझं नातं आठवीच्या पुस्तकापर्यंतच. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की हे शास्त्र आपल्या आजीच्या नजरेसारखंच आहे. ती नाही का, चालीवरून माणूस ओळखायची? फरक इतकाच, की इथे चालही उरलेली नसते.

फॉरेन्सिक अँथ्रॉपॉलॉजी असं त्याचं नाव. सांगाडा समोर आला की चार प्रश्न विचारायचे. बाई की पुरुष? वय किती? उंची किती? आणि आयुष्यात या शरीराला काय काय झालं? बाई की पुरुष, हे मुख्यतः कमरेच्या हाडांवरून कळतं. बाळंतपणाच्या सोयीसाठी निसर्गाने बाईची कमर आतून रुंद केलेली असते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हाडांवरून हे खात्रीने सांगता येत नाही. वयासाठी वाढत्या हाडांची टोकं पाहतात. ही टोकं लहानपणी सुटी असतात आणि ठरावीक वयात एकेक करून जोडली जातात. कॉलरबोनचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीच्या अखेरीकडे जुळतं. म्हणजे अक्कलदाढ आली, माणूस नोकरीला लागला, लग्न झालं, तरी एक हाड अजून वाढतच असतं! मांडीचं हाड उंचीच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त असतं, त्याच्या मापावरून उंची काढतात. मोडून जुळलेल्या हाडावर गाठ राहते. मरताना झालेल्या जखमेच्या कडा वेगळ्या, नंतर कुदळीने मोडलेल्या हाडाच्या कडा वेगळ्या. गोळी कवटीत शिरताना भोक आतल्या बाजूला पसरट होतं, बाहेर पडताना बाहेरच्या बाजूला.

आणि दात! मला सगळ्यात नवल वाटलं ते दातांचं. दातावरचं कवच लहानपणी एकदा घडतं, पुढे बदलत नाही. आपण ज्या प्रदेशात वाढलो तिथल्या पाण्याची आणि अन्नाची रासायनिक खूण त्यात कायमची राहते. ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्यांची समस्थानिकं मोजून ती वाचता येते. माणूस चाकरीसाठी हजार मैल जावो, दाढेत त्याच्या गावचं पाणी असतं.

अजनाळ्याच्या बाबतीत हेच केलं. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ जे. एस. सेहरावत यांनी हाडांचा अभ्यास हाती घेतला. हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांतले शास्त्रज्ञ त्यांच्या बरोबर होते. ५० नमुन्यांची डीएनए तपासणी झाली आणि ८५ नमुन्यांची समस्थानिकांची. एप्रिल २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसं पंजाबची नव्हती. गंगेच्या खोऱ्यातली, पूर्वेकडची होती. २६ व्या पलटणीत बंगाल, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश या भागांतले शिपाई होते, त्याच्याशी हे जुळत होतं. फाळणीचा मुद्दा मागे पडला.

म्हणजे १५७ वर्षांनी विहीर उघडली, आणि त्या शिपायांनी बालपणी कुठलं पाणी प्यायलं तेसुद्धा आपल्याला कळलं. कळलं नाही ते एवढंच, की यातला एकही जण कोण होता.

मला ही गोष्ट फार लागली. शास्त्राने इतकं सगळं सांगितलं आणि नावापाशी येऊन ते थांबलं. पण मग वाटलं, थांबणारच. नाव हाडात नसतंच मुळी. ते दुसऱ्याच्या तोंडात असतं. बारशाला आत्या कानात कुर्र करून ते देते, तेव्हापासून ते हाक मारणाऱ्याच्या मालकीचं असतं.

याच्या नेमकी उलटी गोष्टही त्याच वर्षांतली आहे. इंग्लंडात केंट परगण्यात वॉल्मर गावी 'लॉर्ड क्लाइड' नावाचा एक पब होता. (लॉर्ड क्लाइड म्हणजे कॉलिन कॅम्बेल, उठाव मोडून काढणारा सरसेनापती.) तिथे १९६३ मध्ये एक कवटी सापडली. तिच्या डोळ्याच्या खाचेत घडी घालून एक चिठ्ठी ठेवलेली होती. ४६ व्या पलटणीचा हवालदार आलम बेग, त्याला तोफेच्या तोंडी दिलं, कवटी अमक्या कॅप्टनने मायदेशी आणली, असा मजकूर. कवटी ज्या घरात होती त्यांनी २०१४ मध्ये किम वॅग्नर या इतिहासकाराला गाठलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या तज्ज्ञांनी ती पाहिली. काळ, वय, आशियाई पुरुष असणं हे चिठ्ठीशी जुळत होतं. वॅग्नर यांनी २०१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इथे नाव आहे, पलटण आहे, हुद्दा आहे. पण ते नाव मारणाऱ्यांनी लिहिलेलं, शिकारीच्या ट्रॉफीखाली लिहितात तसं. आलम बेगचं गाव कुठलं, घरी कोण होतं, ते त्या चिठ्ठीत नाही. वॅग्नर यांना तर तो ज्या खुनांसाठी मारला गेला त्यांत त्याचा हात असल्याचंच पटत नाही.

कवट्यांचं वेड तसं जुनंच. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या विचारांचा आधार मिळाला ते हेच. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना अधिक असमान असते आणि म्हणून तो अधिक बुद्धिमान, असं काहीसं त्यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही फरक वंशावरून दिसत नाही, असं त्याच गुरूपुढे मांडलं. ज्यांना आपण 'युगान्त'साठी ओळखतो, त्यांचं पहिलं मोठं काम हे! मला त्यांच्या धैर्याइतकंच एक वाटतं. माप तेच, कवटी तीच, पण विचारणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर सारं अवलंबून. हाडाला 'तू वरचा की खालचा' असंही विचारता येतं आणि 'तू कुणाचा' असंही.

'तू कुणाचा' हे मनापासून विचारलं गेलं ते अर्जेंटिनात.

तिथे २४ मार्च १९७६ ला लष्कराने सत्ता घेतली, ती १९८३ पर्यंत. या काळात माणसं घरातून, रस्त्यावरून उचलली गेली आणि नाहीशी झाली. सरकारी आयोगाने नोंदवलेली संख्या जवळपास नऊ हजार, मानवी हक्कांच्या संघटना तीस हजार म्हणतात. मृत्यूचा दाखला नाही, अटकेची नोंद नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया ब्यूनॉस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या आणि 'आमची मुलं कुठे आहेत' असं विचारू लागल्या. पुढे पांढरे रुमाल डोक्याला बांधून त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. त्यांना एकत्र आणणारी अझुसेना विल्याफ्लोर ही गृहिणी आपल्या मुलाला शोधत होती. १० डिसेंबर १९७७ ला तिलाच उचललं.

लष्कर गेल्यावर स्मशानभूमींतल्या निनावी थडग्यांवर लोक धावले. त्या थडग्यांवर 'एन. एन.' असं लिहिलेलं असे, म्हणजे नाव नाही. आपल्याकडच्या 'बेवारस' सारखंच. काही ठिकाणी बुलडोझर लावून उकरलं गेलं आणि पुरावाच मोडला. मग १९८४ मध्ये क्लाइड स्नो नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आले. मदतीला अनुभवी माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी कॉलेजातली मुलं हाताशी धरली. ब्रश, चमचे, बांबूच्या काड्या घेऊन ही विशी-पंचविशीची पोरं थडग्यात उतरली. ज्यांची हाडं ती उचलत होती, तीही बहुतेक त्यांच्याच वयाची. रडायचं तर रात्री, दिवसा काम, असं स्नो त्यांना सांगत. शिक्षिका म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्या मुलांचा गट आजही टिकून आहे आणि जगातल्या कित्येक देशांत जाऊन हेच काम करतो. स्नो २०१४ मध्ये वारले.

या मुलांचं निम्मं काम खड्ड्यात होतं आणि निम्मं घराघरांतल्या बैठकीच्या खोलीत. आईसमोर बसून विचारायचं. लहानपणी कधी पडला होता का? हात मोडला होता का? कोणता? दात भरून घेतला होता? डावखुरा होता का? सांगाड्याचा डावा हात मोडून जुळलेला दिसतो, पण तो कुणाचा, हे आईला 'पेरूच्या झाडावरून पडला होता' हे आठवतं तेव्हाच ठरतं. पुढे डीएनए आलं, तरी गोष्ट तीच राहिली. हाडातलं डीएनए एकटं मुकं असतं. जुळवायला जिवंत नातेवाइकाचं रक्त लागतं. 'आमचा माणूस हरवला आहे' असं म्हणत कुणीतरी हात पुढे करावा लागतो.

अझुसेनाचं काय झालं? १९७७ च्या डिसेंबरातच समुद्राने काही प्रेतं किनाऱ्यावर आणून टाकली होती. ती एन. एन. म्हणून पुरली गेली. २००५ मध्ये या गटाने त्यांतली ओळख पटवली. एक अझुसेना होती. हाडांचे मोड उंचावरून पडल्यावर होतात तसे होते. विमानातून माणसं समुद्रात फेकत असत, याला ती हाडं साक्ष झाली. तिची रक्षा त्याच चौकात, जिथे ती उभी राहायची तिथे, ठेवली आहे.

पण सगळ्याच आयांनी ही मदत घेतली नाही. काहींनी थडगी उकरायला कडाडून विरोध केला. जिवंत नेलंत, जिवंत परत द्या, हाडांची पेटी देऊन आमचं तोंड बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं. १९८६ मध्ये संघटनेत फूट पडली, त्यामागच्या कारणांत हेही होतं. वाचून पहिल्यांदा कुणालाही वाटेल, हा हट्ट कशाला? मला तसं वाटलं नाही, कारण मला माझी धाकटी आत्या आठवली.

आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत होते. वर्षा-दोन वर्षांनी कोकणात येत, मनीऑर्डर नेमाने येई. १९५३ च्या पावसाळ्यानंतर पत्र आलं नाही, मनीऑर्डरही नाही. खोलीवरच्या लोकांनी सांगितलं, एक दिवस कामावरून परत आलेच नाहीत. माझ्या वडिलांनी मुंबईच्या खेपा केल्या, वर्दी दिली. काही कळलं नाही. बारा वर्षं झाली तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी पालाशविधीचा विषय काढला.

नव्या पिढीला हा विधी ठाऊक नसेल. ज्याचा देह मिळाला नाही त्याचा पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. आणि देठ किती? ३६०. चरकसंहितेत माणसाच्या हाडांची संख्या ३६० दिली आहे, दात आणि नखं धरून. आज शास्त्र प्रौढ माणसात २०६ मोजतं, ती मोजणी वेगळी. पण विचार बघा. माणूस नाही तर नाही, त्याची हाडं तरी मोजून पुरी करायची आणि मग अग्नी द्यायचा. तो मागाहून जिवंत परतलाच, तर जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करून त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं, अशीही सोय शास्त्रकारांनी ठेवली आहे. आशेला एवढी जागा ठेवणारे लोक होते ते.

आत्याने विधी करू दिला नाही. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, माजघराच्या दारात उभी. ती वडिलांना म्हणाली, "दादा, ह्यांचा डावा हात मनगटापाशी वाकडा होता. पुढचा दात अर्धा तुटलेला. तुमच्या त्या काड्यांत यातलं काय आहे? मी काड्यांना ह्यांचं नाव नाही द्यायची." त्यावर कुणी बोललं नाही. १९८७ मध्ये आत्या गेली तेव्हा तिच्या कपाळी कुंकू होतं. गावात काहीजणी कुजबुजत, वेडी म्हणत.

आज हे सगळं वाचल्यावर मला कळतं की ती वेडी नव्हती. मनगट, दात, हेच तर ती पोरं अर्जेंटिनातल्या आयांना विचारत होती. ओळख पटवायला लागतं ते सगळं आत्याकडे चौतीस वर्षं तयार होतं. विचारायला कुणी आलं नाही आणि मुंबईत त्या माणसाचं काही झालं असेल तर तिथल्या कुणाला ही बाई माहीत नव्हती. दोन टोकं होती, गाठ पडली नाही. तिला काड्या नको होत्या, हाडं दिली असती तर कदाचित तिने घेतली असती. किंवा नसतीही. तो निर्णय तिचा असता, एवढं मात्र खरं.

अजनाळ्याच्या २८२ जणांचंही असंच झालं असणार. बिहारात, अवधात कुठेतरी बायका वाट पाहत राहिल्या असतील. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाच्या पायावर व्रण, हे त्यांना पाठ असेल. त्या गेल्या आणि ते ज्ञानही गेलं. विहीर उघडली तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर छोट्या चौकटी येतात. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५, उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, उजव्या हातावर गोंदण, अंगात निळा शर्ट. ओळखणाऱ्यांनी संपर्क साधावा.' आपण पान उलटतो. मी हल्ली त्या वाचते. कुणीतरी त्या माणसाची उंची मोजली, गोंदण पाहिलं, त्याचं जे काम होतं ते केलं. आता दुसऱ्या टोकाला एखादी आत्या ते वाचते आहे की नाही, हा प्रश्न.

तुमच्याही घरात असा कुणी असेल. फौजेत गेलेला, बोटीवर गेलेला, रागाने निघून गेलेला. त्याच्याबद्दल जे आठवतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. उंची, दात, पडणं-झडणं, वाकडं बोट, सगळं. फोटो असेल तर मागे नाव लिहा. आणि तो अलीकडेच गेलेला असेल तर नुसतं वाट पाहत बसू नका, पोलिसांत नोंद करा आणि रक्ताचा नमुना देता येतो का, हेही विचारा.

आमच्या आत्याच्या यजमानांचा फोटो नाही. मनगट डावं होतं, दात वरचा होता. मी आज हे इथे लिहून ठेवलं.